दीर्घ क्यूटी लक्षणसमूह

हृदयाच्या रचनेत कोणताही दोष नसताना केवळ त्याच्या विद्युत् क्रियेतील दोषामुळे उद्भवणारी आणि बहुधा बालपणी किंवा कुमारवयात प्रथम प्रकट होणारी आनुवंशिक हृद्‌ताल विकृती. व्यवहारात ‘ईसीजी’ किंवा ‘कार्डिओग्राम’ या नावाने परिचित असलेल्या विद्युत् हृल्लेखातील क्यू या तरंगाच्या आरंभापासून टी या तरंगाच्या अखेरीपर्यंतचे अंतर या विकृतीत प्रमाणाबाहेर वाढलेले असते, म्हणून तिला हे नाव मिळाले आहे. धावताना, पोहताना, एकाएकी दचकल्यावर किंवा क्वचित झोपेत मूर्च्छा येणे, हे तिचे प्रमुख लक्षण होय. मूर्च्छेबरोबर हातापायांना झटके येत असल्याने पुष्कळदा तिला अपस्मार (फेफरे) समजले जाते आणि मूळ कारण वर्षानुवर्षे अज्ञात राहते. उपचार न झाल्यास अशा एखाद्या झटक्यात मूल दगावण्याचा संभव असतो. उलट निदान वेळीच झाल्यास बहुसंख्य मुले जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगू शकतात.

मुलाच्या हृदयाची लय अनियमित आहे, एवढ्यावरून ते मूल धोक्यात आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. श्वास आत घेताना नाडी जलद व बाहेर सोडताना मंद होणे, हे निरोगी बालकांत नेहमी आढळते. अधूनमधून पडणारा एखादा अकाली ठोकाही बहुधा निरुपद्रवी असतो. अलिंदांशी (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांशी) संबंधित जलद लयीच्या विकारात मुलाला छातीत धडधड जाणवते, पण जीवाला अपाय क्वचितच होतो. दीर्घ क्यूटी लक्षणसमूहाची गोष्ट निराळी आहे. येथे दोन झटक्यांच्या मधल्या काळात नाडी नियमित असते, स्टेथॉस्कोपने काही आढळत नाही, क्ष-किरण छायाचित्र व श्राव्यातीत ध्वनींनी केलेली तपासणीही निर्दोष असते. दोष दिसतो तो विद्युत् हृल्लेखात आणि तोही अंतर मोजून पाहिल्यास.

इतिहास : जर्मनीतील लाइपसिक येथील फ्रीड्रिख लूटव्हिख माइस्नर यांनी १८५६ साली मूकबधिरत्वावरील ग्रंथात एका बधिर मुलीची हकिकत नोंदविली होती. शाळेत रागे भरण्यासाठी बोलावले असता ती जागीच कोसळून मरण पावली. तिच्या भावंडांचाही अंत असाच झाल्याचे नंतर कळले. त्या काळी हृदयाच्या विद्युत् क्रियेची नोंद करण्याचे साधन नव्हते. डच शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते सिद्ध केले आणि त्याबद्दल त्यांना १९२४ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखातील तरंगांना पी, क्यू, आर, एस व टी ही अक्षरे त्यांनीच दिली.

नॉर्वेतील अँटन येर्व्हेल व फ्रेड लांगे-नील्सन यांनी १९५७ साली एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील सहा मुलांपैकी चार जन्मतः बधिर असून त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे. त्यांपैकी तीन मुले अनुक्रमे ४, ५ व ९ वर्षांची असताना एकाएकी मरण पावली. या मुलांच्या हृल्लेखात क्यूटी अंतर फार वाढलेले होते. यानंतर इटलीतील चेझारे रोमानो यांनी १९६३ मध्ये व आयर्लंडमधील ओकॉनर वॉर्ड यांनी १९६४ मध्ये, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, श्रवणशक्ती उत्तम असलेल्या मुलांत हीच विकृती वर्णिली. हा दुसरा प्रकारच अधिक प्रमाणात आढळतो. १९७९ साली या रुग्णकुटुंबांची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि विखुरलेल्या अनुभवाला संख्यात्मक आधार मिळू लागला. १९९५ व १९९६ या वर्षांत अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील मार्क कीटिंग व त्यांचे सहकारी यांनी या विकृतीस कारणीभूत असणारी तीन प्रमुख जीने (आनुवंशिक घटक) निश्चित केली.

विकृतीचे स्वरूप : हृदयाच्या प्रत्येक स्पंदाचा विद्युत् आवेग उजव्या अलिंदातील कोटरालिंद गाठीत उत्पन्न होतो. तो अलिंदांतून पसरून अलिंद-निलय गाठीत क्षणभर रेंगाळतो व तेथून संवाहक तंतूंमार्फत दोन्ही निलयांत (खालच्या कप्प्यांत) पोहोचतो. स्नायुकोशिकांच्या पटलात विशिष्ट आयनांना (विद्युत् भारित अणूंना) ये-जा करू देणाऱ्या प्रथिनमय वाहिन्या असतात. सोडियम आयन आत शिरले की कोशिका उद्दीपित होते. पुढे पोटॅशियम आयन बाहेर पडू लागले की ती विश्रांत स्थितीला परत येते व पुढील आवेग स्वीकारण्यास सिद्ध होते. निलयांच्या उद्दीपनाच्या आरंभापासून पूर्ववत होण्याच्या अखेरीपर्यंतचा सर्व काळ म्हणजेच क्यूटी अंतर होय.

पोटॅशियमाच्या वाहिन्या दुबळ्या असल्या किंवा सोडियमाच्या वाहिन्या नीट बंद होत नसल्या, म्हणजे निलयांना पूर्ववत होण्यास विलंब लागतो. हा विलंब स्नायूच्या सर्व भागांत सारखा नसतो. अशा अर्धवट सावरलेल्या स्नायूत एखादा अकाली आवेग उत्पन्न झाला, तर निलयांचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर जाऊन त्यांची लय विस्कटते. या वेळी आलेखातील तरंगांची टोके मध्यरेषेभोवती पिळत गेल्यासारखी दिसतात. फ्रेंच वैद्य फ्रांस्वा देसर्तेन यांनी १९६६ साली या चित्राला ‘तॉर्साद द प्वँत’ (टोकांचे पिळवटणे) असे नाव दिले. इतक्या वेगाने हलणारे निलय रक्त पुढे ढकलू शकत नाहीत. मेंदूचा रक्तपुरवठा थांबून काही सेकंदांतच शुद्ध हरपते व झटके येतात. ही विस्कटलेली लय बहुधा आपोआप थांबते व मूल शुद्धीवर येते. ती न थांबता तिचे पर्यवसान निलयांच्या असंबद्ध थरथरीत झाले, तर मृत्यू ओढवतो.

कारणे व आनुवंशिकता : बहुसंख्य रुग्णांत तीनपैकी एका जीनात बदल झालेला असतो. पहिल्या प्रकारात अकराव्या गुणसूत्रावरील केसीएनक्यू-१ व दुसऱ्या प्रकारात सातव्या गुणसूत्रावरील केसीएनएच-२ हे जीन सदोष असते; ही दोन्ही पोटॅशियमाच्या वाहिन्यांशी संबंधित आहेत. तिसऱ्या प्रकारात तिसऱ्या गुणसूत्रावरील एससीएन-५-ए हे सोडियमाच्या वाहिनीचे जीन बिघडलेले असते. सदोष जीन आई वा बाप यांपैकी एकाकडून आले तरी विकृती उद्भवू शकते. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते व मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसतो. सदोष जीन असूनही काहींचे क्यूटी अंतर जेमतेम वाढलेले किंवा प्राकृत असते. त्यामुळे आईवडिलांना कधीच त्रास झालेला नाही, एवढ्यावरून विकृती आनुवंशिक नाही असे ठरत नाही.

बधिरत्वासह आढळणाऱ्या प्रकारात आई व बाप या दोघांकडूनही सदोष जीन आलेले असते. पोटॅशियमाची तीच वाहिनी अंतर्कर्णातील द्रवाच्या घडणीसही आवश्यक असल्याने हृदय व श्रवण या दोहोंवर परिणाम होतो. हा प्रकार अत्यंत विरळा असला, तरी जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत त्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल असल्याने ही गोष्ट येथील वैद्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जन्मतः बधिर असलेल्या मुलाचा हृल्लेख एकदा तरी काढावा आणि विशेषतः कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी तो तपासावा.

इटलीत ४४,००० हून अधिक तान्ह्या मुलांच्या हृल्लेखांची जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून सु. २,००० जन्मांमागे एका बालकात ही विकृती असावी, असा अंदाज करण्यात आला आहे.

क्यूटी अंतर आनुवंशिक कारणाशिवायही वाढू शकते. जुलाब-उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम वा मॅग्नेशियम घटणे, ड जीवनसत्त्वाच्या अभावी कॅल्शियम कमी होणे, तसेच काही औषधे ही त्याची कारणे होत. मूळ कारण दूर झाल्यावर अशा मुलांतील अंतर पूर्ववत होते. आनुवंशिक विकृती असलेल्या मुलात मात्र ही कारणे आगीत तेल ओतल्यासारखी ठरतात.

लक्षणे : झटका कोणत्या प्रसंगी आला, यावरून प्रकाराचा पुष्कळदा अंदाज बांधता येतो. ६७० रुग्णांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या प्रकारातील ६२ टक्के झटके शारीरिक श्रमाच्या वेळी आलेले आढळले. पोहणे हे त्यांतील विशेष धोक्याचे निमित्त होय. चांगले पोहता येणारे मूल उथळ पाण्यात कारणावाचून बुडाले, तर ही शक्यता विचारात घ्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात ४३ टक्के झटके भावनिक क्षोभाच्या वेळी आले होते. गजराचे घड्याळ, दूरध्वनीची घंटा किंवा फटाका यांच्या अकस्मात आवाजाने दचकणे हे या प्रकारातील ठळक निमित्त आहे. तिसऱ्या प्रकारात ३९ टक्के झटके विश्रांतीत वा झोपेत आले होते. बालपणी पहिल्या प्रकारातील मुलग्यांना धोका अधिक असतो. वयात आल्यानंतर मात्र स्त्रियांमध्ये, विशेषतः दुसऱ्या प्रकारात व बाळंतपणानंतरच्या महिन्यांत, तो वाढतो. नवजात अर्भकात नाडी अतिशय मंद असणे, हे एकमेव लक्षण असू शकते.

साधी घेरी, अपस्मार व ही विकृती यांतील भेद प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलेल्या तपशिलावरच बव्हंशी अवलंबून असतो. साधी घेरी बराच वेळ उभे राहिल्याने, उकाड्याने, उपवासाने वा रक्त पाहिल्याने येते. तिच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ व घाम ही पूर्वचिन्हे असतात. अपस्माराचा झटका सामान्यतः काही मिनिटे टिकतो, जीभ चावली जाऊ शकते आणि नंतर मूल बराच वेळ गुंगीत असते. हृदयविकारजन्य मूर्च्छा पूर्वसूचनेशिवाय व भर श्रमात येते, मूल पांढरेफटक पडून कोसळते आणि ठोके पूर्ववत होताच थोड्याच वेळात भानावर येते. हे भेद निरपवाद नाहीत. म्हणूनच अपस्मारासारखा पहिला झटका आलेल्या प्रत्येक मुलाचा विद्युत् हृल्लेख काढणे इष्ट होय. धावताना मूल पडले याचा दोष अशक्तपणाला देणे, बाहेरची बाधा समजून अंगारेधुपारे करणे किंवा वर्षानुवर्षे केवळ फेफऱ्याच्या गोळ्या देत राहणे, यांत निदानाचा मोलाचा काळ निघून जातो.

निदान : ही तपासणी वेदनारहित व अल्पखर्चाची असून तालुक्याच्या गावीही होऊ शकते. नेहमीच्या वेगाने काढलेल्या आलेखातील एक लहान चौकट ०·०४ सेकंद दर्शविते. नाडी जलद झाली की क्यूटी अंतर स्वाभाविकपणेच आखूड होते. म्हणून मोजलेले अंतर नाडीच्या गतीनुसार शोधित करावे लागते. त्यासाठी इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक हेन्री बॅझेट यांनी १९२० साली सुचविलेले सूत्र आजही प्रचारात आहे. क्यूटी अंतराला लगतच्या दोन आर तरंगांमधील काळाच्या वर्गमुळाने भागले असता शोधित अंतर मिळते. उदा., नाडी मिनिटाला सु. ९४ असताना दोन आर तरंगांमध्ये ०·६४ सेकंद जातात. मोजलेले क्यूटी अंतर ०·४० सेकंद असल्यास ते वरवर प्राकृत वाटते. परंतु ०·६४ चे वर्गमूळ ०·८ असल्याने शोधित अंतर ०·५० सेकंद, म्हणजे निःसंशय वाढलेले, ठरते. मुलांची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असल्याने हे गणित त्यांच्या बाबतीत टाळता येत नाही. फारच जलद किंवा मंद नाडी असताना मात्र हे सूत्र दिशाभूल करते. म्हणून मूल शांत असताना आलेख पुन्हा काढतात. यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबून न राहता तज्ज्ञाने अंतर स्वतः मोजणे अगत्याचे असते.

मुलांतील शोधित अंतर सामान्यतः ०·४४ सेकंदापर्यंत असते. ०·४४ ते ०·४६ हा सीमावर्ती टापू होय. दुसरे कारण नसताना पुनःपुन्हा काढलेल्या आलेखांत ते ०·४८ सेकंद किंवा अधिक आढळल्यास निदान बहुधा निश्चित मानतात. ०·५० च्या वरचे अंतर वाढता धोका दर्शविते. एका आकड्यावरून निर्णय न घेता टी तरंगाचा आकार, मूर्च्छेचा प्रसंग, बधिरत्व आणि कुटुंबातील तरुण वयातील आकस्मिक मृत्यू यांना गुण देऊन एकत्रित विचार करण्याची पद्धत इटालियन हृद्‌रोगतज्ज्ञ पीटर श्वार्ट्‌झ व त्यांचे सहकारी यांनी रूढ केली. व्यायाम चाचणीत श्रम थांबविल्यानंतरच्या काही मिनिटांत क्यूटी अंतर योग्य प्रमाणात आखूड होते की नाही, हे पाहतात. श्रमात मूर्च्छा येणाऱ्या मुलाचा विश्रांतीतील हृल्लेख प्राकृत असला, तरी ही चाचणी करावीच लागते. कारण तशाच दुसऱ्या एका आनुवंशिक विकृतीत विश्रांतीच्या वेळी काहीच वावगे दिसत नाही. जीन चाचणीत सु. तीनचतुर्थांश रुग्णांत नेमका दोष सापडतो. तो न सापडल्यास विकृती नाही, असे म्हणता येत नाही. सापडल्यास मात्र इतर नातेवाइकांची तपासणी सोपी होते.

चिकित्सा : ॲड्रेनॅलिनाचा हृदयावरील परिणाम रोखणारी बीटा-रोधक औषधे हा उपचाराचा पाया आहे. या गटातील प्रोप्रॅनोलॉल व नॅडोलॉल ही अधिक परिणामकारक ठरली आहेत. औषध रोज व दीर्घकाळ, बहुधा आजन्म, घ्यावे लागते. त्रास नाही म्हणून ते एकाएकी बंद करणे विशेष घातक असते. दमा असलेल्या मुलात ते जपून वापरतात. तान्ह्या मुलात उपाशीपोटी रक्तातील शर्करा घटण्याचा संभव असल्याने आजारपणात दूध-अन्न न घेणाऱ्या बाळाबाबत वैद्यांना त्वरित विचारावे. तिसऱ्या प्रकारातील काही रुग्णांत मेक्सिलेटीन या औषधाची भर घालतात.

औषधे घेऊनही मूर्च्छा येत राहिल्यास हृदयाकडे जाणाऱ्या डाव्या बाजूच्या अनुकंपी तंत्रिका छेदण्याची शस्त्रक्रिया करतात. मॉस व मॅकडोनल्ड यांनी तिचे वर्णन १९७१ साली केले. हृदय एकदा बंद पडून सावरलेल्या किंवा फार मोठा धोका असलेल्या मुलाच्या शरीरात घातक लय ओळखून विद्युत् झटका देणारे उपकरण बसवितात. असे उपकरण मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे १९८० साली प्रथम मानवी शरीरात बसविण्यात आले. वाढत्या वयाच्या मुलात त्याच्या तारा तुटणे, जंतुसंसर्ग व अनाठायी झटके बसणे या अडचणी उद्भवत असल्याने ते सरसकट बसवीत नाहीत.

निषिद्ध औषधांची यादी घरी, शाळेत व नेहमीच्या डॉक्टरांकडे असणे हा उपचाराचाच भाग आहे. एरिथ्रोमायसीन व क्लॅरिथ्रोमायसीन ही प्रतिजैविके, उलटीवर सर्रास दिली जाणारी डॉमपेरिडोन व ऑनडॅनसेट्रॉन, बुरशीरोधक फ्लुकोनॅझोल, हिवतापावरील क्लोरोक्वीन आणि हॅलोपेरिडॉल ही त्यांतील परिचित नावे होत. दुकानातून परस्पर औषध आणण्याची सवय अशा घरात मोडावी लागते. जुलाब-उलट्या झाल्यास क्षार-साखरेचे द्रावण तत्काळ सुरू करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दैनंदिन जीवन व प्रथमोपचार : पूर्वी अशा मुलांना सर्व खेळ वर्ज्य करीत. योग्य उपचार चालू असलेल्या खेळाडूंविषयीच्या २०१० नंतरच्या अनुभवावरून आता प्रकार, क्यूटी अंतर व पूर्वीचे झटके पाहून, पालकांशी व मुलाशी चर्चा करून हा निर्णय घेतात. एकट्याने पोहणे मात्र कधीही सुरक्षित नसते. दुसऱ्या प्रकारातील मुलाच्या उशाशी गजराचे घड्याळ वा मोठ्याने वाजणारा दूरध्वनी ठेवू नये.

मूल कोसळल्यास कांदा वा चप्पल हुंगविणे, तोंडात चमचा घालणे किंवा पाणी पाजणे यांचा उपयोग होत नाही व वेळ मात्र जातो. हाकेला ओ नाही व श्वास नीट चालत नाही असे दिसताच एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसऱ्याने मुलाला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरकस दाब देत राहावे. येत असल्यास तोंडाने कृत्रिम श्वासही द्यावा. बुडालेल्या मुलात तो अत्यावश्यक असतो. विद्युत् झटका देणारे स्वयंचलित यंत्र जवळ असल्यास ते ताबडतोब वापरावे. पालकांप्रमाणेच वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षक यांनीही ही कृती शिकून घेणे आवश्यक आहे.

कुटुंबाची तपासणी व फलानुमान : एका मुलातील निदान हे वस्तुतः सबंध कुटुंबाचे निदान असते. त्याचे आईवडील व सर्व भावंडे यांचे हृल्लेख काढावेत. जीनातील दोष सापडला असल्यास त्याची चाचणी दूरच्या नातेवाइकांपर्यंत टप्प्याटप्प्याने न्यावी. पूर्वी कधी ‘घाबरून गेले’, ‘पाण्यात बुडाले’ किंवा ‘झोपेतच गेले’ अशी नोंद झालेल्या मृत्यूंचा उलगडा या चौकशीत होऊ शकतो आणि ज्यांना अद्याप एकही झटका आलेला नाही, अशा मुलांना संरक्षण मिळते. सदोष जीन एखाद्याकडून मुलाकडे जाणे हा कोणाचा अपराध नव्हे. त्यावरून सुनेला वा तिच्या माहेराला बोल लावणे शास्त्राला धरून नाही. कारण हा वारसा आई व बाप यांपैकी कोणाकडूनही येऊ शकतो आणि क्वचित तो अपत्यात नव्यानेच उत्पन्न होतो.

निदान झालेल्या, औषध नियमित घेणाऱ्या व निषिद्ध औषधे टाळणाऱ्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण अत्यल्प असते. पहिल्या प्रकारात बीटा-रोधकांचा गुण सर्वांत चांगला येतो. बधिरत्वासह असलेला प्रकार, आयुष्याच्या पहिल्याच वर्षात आलेले झटके आणि ०·५० सेकंदापेक्षा पुष्कळ वाढलेले अंतर यांत फलानुमान तितकेसे चांगले नसते व अधिक कडक देखरेख लागते. मूल वाढते तसतसे औषधाचे प्रमाण वजनानुसार वाढवावे लागते. त्यामुळे किमान वर्षातून एकदा बालहृद्‌रोगतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेणे आवश्यक असते.